रोप आपल्या खोडावर उभे राहते



वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीद बाबांची टेकडी आहे. तिच्यावर सुपारी-नारळाच्या आकाराचे गोटे आढळतात. त्यांच्याविषयी एक दंतकथा सांगितली जाते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा वाळक्या पानांतून त्यांना नवा माल मिळाला. दंतकथा हा श्रद्धेचा आधार नव्हे, आपली श्रद्धा अल्लाहचा ग्रंथ आणि पैगंबर (स.) यांची सुन्नत यांवर उभी आहे. परंतु वाळक्या पानांचा एका क्षणात माल व्हावा, ही आशा मात्र आज नवे दुकान थाटणाऱ्या अनेक तरुणांच्या मनात घर करून बसलेली दिसते.

त्या गोट्यांची खरी घडण मात्र सावकाश झालेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर झिरपणारी खनिजे त्या पोकळ्यांत थराथराने साचत गेली. भोवतीचा खडक झिजला, तेव्हा कुठे हे गोटे मोकळे झाले. रिकाम्या जागेचे भरीव वस्तूत रूपांतर करण्याची अल्लाहने सृष्टीत ठेवलेली रीत ही अशी आहे.

हीच रीत पवित्र कुरआनने पिकाच्या दृष्टांतातून समोर ठेवली आहे. सूरह अल्-फतहच्या 29 व्या आयतीत पैगंबर (स.) यांच्या साथीदारांना शेताची उपमा दिली आहे. पीक प्रथम कोंब बाहेर काढते, मग त्याला बळ देते, मग ते जाड होते आणि शेवटी आपल्या खोडावर उभे राहते. पेरणाऱ्याचा आनंद या चार पायऱ्यांनंतर येतो. दृष्टांत श्रद्धावंतांच्या समूहाचा असला, तरी त्यातील वाढीचा क्रम प्रत्येक हलाल उद्योगाला वाट दाखवणारा आहे.

आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. कपाशीच्या ओळींमध्ये तो तुरीचे तास घेतो. तूर आरंभी अगदी हळू वाढते, कारण तिचे बळ मूळ खोल नेण्यात खर्ची पडत असते. कपाशीची वेचणी सुरू झाली, तरी तूर शेतात उभीच असते. म्हणून कोणी शहाणा शेतकरी तिला निरुपयोगी समजून उपटत नाही.

दुकानदार मात्र आपले रोप कितीदा उपटून पाहतो! तीन महिन्यांत नफा दिसला नाही, की तो धंदा बदलतो. शेजारच्या वीस वर्षांच्या दुकानाची बरोबरी करण्यासाठी व्याजाने पैसा उचलून फर्निचर करतो. जत्रेच्या दिवसांत गल्ला भरला, की ती नित्याची मिळकत समजून खर्च वाढवतो. पुढे गिऱ्हाईक ओसरते, हप्ता मात्र ओसरत नाही. रोप खोडावर उभे राहण्याआधीच दुसऱ्याच्या काठीला बांधले जाते आणि ती काठीच त्याला गिळते. सूरह अल्-बकराच्या 275 व्या आयतीत अल्लाहने व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवले आहे. या आज्ञेत गरीब दुकानदाराचे केवढे संरक्षण आहे, हे हप्त्याखाली दबलेल्या घराला विचारावे.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे उदाहरण पाहा. हिजरतीनंतर ते मदीनेत रिक्त हस्ते आले. त्यांचे अन्सारी बंधू हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि केवळ बाजाराची वाट विचारली. सहीह बुखारीतील कथनानुसार पहिल्या दिवशी ते थोडे पनीर आणि तूप कमावून परतले आणि त्यानंतर रोज सकाळी बाजारात जात राहिले. पुढे ते संपन्न व्यापारी आणि दानशूर म्हणून प्रसिद्ध झाले. आपण त्यांची संपन्नता आठवतो. रोज सकाळी जात राहणे विसरतो. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, फळ दिसत नसतानाही योग्य काम न सोडणे होय.

तेव्हा वाचकहो, काही गोष्टी अंगी बाणवू या. भांडवल हे बियाणे आहे, त्यातून घरखर्च करू नये. घरासाठी ठरावीक रक्कम नफ्यातूनच घ्यावी. जत्रेची मिळकत मंदीच्या महिन्यांसाठी राखावी. उधारी लिहून ठेवावी, कारण अल्-बकराच्या 282 व्या आयतीत देण्या-घेण्याची नोंद करण्याचा आदेश आहे. आणि जो खरोखर अडचणीत आहे त्याला 280 व्या आयतीप्रमाणे सवलत द्यावी. भांडवल अपुरे पडल्यास नातलग वा मित्राला मुदारबतच्या तत्त्वावर सोबत घ्यावे. त्याचा पैसा, तुमचे श्रम आणि नफ्यातील वाटा आधीच ठरलेला. जमातीतील सधन लोकांनीही तरुणाला नुसता उपदेश न करता अशी साथ द्यावी. कोवळ्या रोपाला पाणी कोणीतरी घालावेच लागते.

पेरणी आणि राखण आपल्या हाती, उगवण अल्लाहच्या हाती. अल्लाह आपल्या उपजीविकेत बरकत देवो आणि प्रत्येक कष्टकऱ्याला आपल्या खोडावर उभे राहण्याचे बळ देवो. आमीन.