परसातला पाडवा

चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारोदारी गुढ्या उभारल्या जातात आणि नव्या वर्षाचे संकल्प सोडले जातात. कोणी पहाटे उठण्याचा निश्चय करतो, कोणी अक्षर सुधारण्याचा. बाग करणाऱ्याला मात्र आपले संकल्प परसात जाऊनच करावे लागतात. आणि परसाची स्थिती तर या वेळी अगदी केविलवाणी असते. वांग्याची झाडे म्हातारी झालेली, आळ्यांतील माती भेगाळलेली, विहिरीचे पाणी तळाला गेलेले. कडुनिंब तेवढा नव्या पालवीने आणि बारीक पांढऱ्या फुलांनी डवरलेला असतो.

असे असूनही, माझ्या मते, बागेचे वर्ष येथेच सुरू होते. मृग नक्षत्र जूनच्या ७ किंवा ८ तारखेला लागते. पावसाळ्यात जे उगवावयाचे, त्याची तयारी तत्पूर्वीच्या या दोन-अडीच महिन्यांतच करावयाची असते.

यंदा माझ्या तयारीला एक विशेष कारण आहे. फळीवरील एका लहानशा डब्यात, चुलीच्या राखेत घोळवलेल्या दोडक्याच्या अकरा बिया आहेत. आत्याच्या परसात हा वेल पुष्कळ वर्षे होता. पुढे त्या परसात फरशी बसली आणि वेल गेला. आता तेथील एवढ्याच बिया उरल्या आहेत. बाजारात दोडक्याचे बियाणे मिळते. परंतु त्यांतील पुष्कळसे संकरित असते. त्याच्या फळांतील बी पुढच्या वर्षी पेरले, तर वेल मूळच्यासारखा येईलच असे नाही. आत्याच्या दोडक्याचे बी मात्र वर्षानुवर्षे तसाच दोडका देत आले.

घरचे बी राखणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. परंतु त्यांनी भाज्यांची, कडधान्यांची आणि भाताची गावठी वाणे नेटाने जमवली, जपली आणि इतरांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

माझे काम त्या मानाने फारच लहान. सध्या अंगणभर पाने गळून पडली आहेत. ती झाडून काडी लावली, की अंगण स्वच्छ दिसते खरे. पण झाडांचे अन्न धुराबरोबर निघून जाते. म्हणून कोपऱ्यात हातभर खोल खड्डा खणला आहे. पाल्याचा थर, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर माती, असा तो भरत जावयाचा आणि त्यातील ओल मोडू द्यावयाची नाही. मृगापर्यंत पाला पुरता कुजला नाही, तर वेलाच्या आळ्यावर पसरीन; त्याने मातीतील ओलावा टिकतो.

कढीलिंबाजवळ एक जुने, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. त्यात भरलेले पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू पाझरते आणि मुळांना मिळते. वरून ओतलेल्या पाण्यासारखे ते उन्हाने उडून जात नाही. तांदूळ धुतलेले पाणी यापुढे याच मडक्यात जाईल.

बिया मात्र अकराही एकदम पेरावयाच्या नाहीत. सहा पेरावयाच्या, पाच राखून ठेवावयाच्या. कधी पाऊस दगा देतो, तर कधी गोगलगाई एका रात्रीत कोवळी रोपे फस्त करतात.

वेल मांडवावर चढला, की खरी मौज. मुलांनो, दोडक्याचे फूल तुम्ही उमलताना पाहिले आहे काय? ते सायंकाळी उमलते. त्याचे भावंड जे घोसाळे, त्याचे फूल सकाळी. नर फुले आणि मादी फुले एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका दिसतो. नर फुलातील पराग मादी फुलावर पोहोचले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. हे काम कीटक करतात. ते फिरकले नाहीत, तर नर फूल खुडून मादी फुलावर हलकेच टेकवावे. म्हणून त्या दिवसांत सायंकाळी फिरावयास जाणे मी बंद ठेवणार आहे.

चांगल्या वेलावरचे एक सुरेख फळ बियांसाठी सोडावयाचे. ते जून होऊन वाळते, हलके होते आणि हलवले की आत बिया खुळखुळतात. मग त्याच्या टोकाचे झाकण गळून पडते आणि काळ्या बिया बाहेर येतात. त्या फळाला हात लावावयाचा नाही, असे घरात आताच बजावून ठेवले आहे. धाकट्या पुतणीला दोडक्याची भाजी मुळीच आवडत नाही. तिच्याकडून तरी धोका नाही!

सगळे मनासारखे झाले, तर दिवाळीनंतर मूठभर बिया हाती येतील. निम्म्या शेजारी वाटावयाच्या आहेत. आत्याकडे आता परस नाही, गच्ची आहे. तिला पत्र लिहून कळवले आहे, की एक मोठे पिंप मातीने भरून ठेव.