ईसीएम गेला म्हणे!

अगं, मिस्त्री ‘कंप्युटर उडाला’ म्हणाला आणि तू लगेच जुना ईसीएम शोधायला वाडीला निघालीस? थांब जरा. बिघाड सापडला नाही की खापर त्या बिचाऱ्या डब्ब्यावर फुटतं. दोष बरेचदा निघतो अर्थच्या सैल वायरीत, नाहीतर सॉकेटमधल्या हिरव्या पडलेल्या पिनेत. त्यात तुझी गाडी उमरेडचा कोळसा वाहते आणि पोट्टे ती प्रेशरने धुतात. धूळ न् पाणी कुठं जाणार बाप्पा?

आधी आरसीवर साल बघ. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला ईसीएम नसतोच. बीएस-4 देशभर लागू झालं एप्रिल 2017 ला, बीएस-6 एप्रिल 2020 ला. तुझी बीएस-6 निघाली, तर डबे एकाहून जास्त. एबीएसचा निराळा, काही गाड्यांत युरियाचाही निराळा. इंजिनाचा ओळखायचा तर बॅटरी बंद करून नोजलकडून निघालेली वायरिंग हाताने धरत जा. ती जाऊन पोचते तो तुझा ईसीएम. कुठे इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला, कुठे कॅबिनमध्ये.

स्टिकर ओल्या फडक्याने पूस, खरवडू नकोस, आणि फोटो काढ. बॉशचा असेल तर 0281 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर दिसेल. 0281 डिझेलचा, 0261 पेट्रोलचा. पण तेवढ्यावर पैसे मोजायचे नाहीत हं! तो नंबर डब्ब्याचा. आतला प्रोग्राम निराळा, तो तुझ्या चेसिस नंबरशी जुळायला हवा. नोजलवर कोरलेले कोडही आत भरावे लागतात. दुसऱ्या ट्रकचा डबा जसाच्या तसा लावलास तर गाडी चालू व्हायची नाही, नाहीतर धूर ओकत चालेल. दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणेलच, त्याचं काय जातं?

ओळखणं, फोटो, अर्थ तपासणं, सॉकेट साफ करणं एवढं तू घरी कर. प्रोग्राम भरायला मात्र स्कॅनरवाल्याकडेच जा. आणि कुणालाही ईसीएमच्या पिनांना टेस्ट लॅम्प लावू देऊ नकोस. ट्रकला 24 व्होल्ट असतात, चांगला डबा तिथल्या तिथे मरतो.

बरं, मागच्या महिन्यात फाळक्याला वेल्डिंग केलंस ना? तेव्हा बॅटरीच्या केबली आणि ईसीएमचे सॉकेट काढले होते का, हे आधी ड्रायव्हरला विचार. नसतील, तर डबा खरंच उडालेला असू शकतो.