जनावरांची ओळखखूण : चोरीस आळा व मालकीचा पुरावा

चिकोडी व निपाणी या तालुक्यांत कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या काठी ऊस व तंबाखू ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. या शेतीच्या जोडीला जवळजवळ प्रत्येक घरी दावणीला एखाददुसरी म्हैस, गाय किंवा खिलार बैलजोडी असते. दूध संस्थेच्या बिलातून मुलांच्या शाळेचा व किराणा दुकानाचा खर्च भागतो. अनेक घरांत म्हैस कर्ज काढून घेतलेली असते. अशी म्हैस चोरीस गेली तर दूध थांबते, पण कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. म्हणून आपले जनावर ओळखता येणे व ते आपलेच आहे हे सिद्ध करता येणे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची गोष्ट होय.

सीमाभागातील विशेष अडचण

या भागाची एक वेगळी अडचण आहे. येथून कागल व शिरोळ हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुके अगदी लागून आहेत. रात्री टेम्पोत भरलेले जनावर कोगनोळीजवळची हद्द ओलांडून तासाभरात दुसऱ्या राज्यात जाऊ शकते आणि पुढच्याच बाजारी विक्रीस उभे राहू शकते. समजा, मालक शोध घेत त्या बाजारात पोहोचला आणि त्याला आपली म्हैस दिसली. तो म्हणतो, "म्हैस माझी." विकणारा म्हणतो, "माझ्या गोठ्यातली आहे." पोलिसांनी खूण विचारली तर मालक सांगतो की म्हैस काळी आहे, शिंगे मागे वळलेली आहेत आणि ती तिसऱ्या वेताची आहे. हे वर्णन बाजारातील कितीतरी म्हशींना लागू पडते. त्यातच एका ठाण्यातील कागद कन्नडमध्ये आणि दुसऱ्या ठाण्यातील मराठीत असतो. रंग व शिंगे यांसाठी गावोगाव वेगळे शब्द वापरले जातात. अशा वेळी खरा मालकही हतबल होतो.

यावर उपाय एकच. जनावराच्या अंगावर निश्चित खूण असावी आणि त्या खुणेची नोंद कागदावर असावी. या दोन गोष्टींपैकी एक नसेल तर दुसरीचे बळ निम्मे होते.

जुनी परंपरा

जनावरांवर खूण करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांत जनावरांच्या कानांवरील खुणांचा उल्लेख असून त्यांत पाच व आठ या अंकांच्या आणि स्वस्तिकाच्या खुणा आढळतात. महाभारताच्या वनपर्वात, दुर्योधन गाईगुरांची मोजदाद करून वासरांवर खुणा करण्याच्या निमित्ताने द्वैतवनात गेल्याचे वर्णन आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात गोअध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. प्रत्येक जनावराची डागलेली खूण, अंगची नैसर्गिक खूण, रंग व शिंगांमधील अंतर यांची नोंद ठेवावी, असे त्याचे सांगणे आहे. आजच्या नोंदवहीतही हेच चार रकाने उपयोगी पडतात.

आपल्या गावांतून देवाला सोडलेल्या वळूच्या अंगावर त्रिशूळाचा डाग देण्याची चाल होती. तो वळू कोणा एकाचा नाही, सबब त्याला कोणी बांधू अथवा विकू नये, हे त्या डागावरून सर्वांना समजत असे.

तापलेल्या सळईचा डाग

तापवलेल्या लोखंडी मुद्रेने कातडीवर अक्षर किंवा अंक उमटविणे ही जगभर चालत आलेली पद्धत होय. अमेरिकेच्या पश्चिम भागातील विस्तीर्ण कुरणांत अनेक मालकांची गुरे एकत्र चरत. तेथे प्रत्येक मालकाचा डाग सरकारदरबारी नोंदविला जाई आणि विक्रीच्या वेळी तो तपासला जाई. डागाला जी किंमत होती ती या नोंदणीमुळे होती. नोंदणी नसेल तर डाग म्हणजे केवळ एक व्रण.

आपल्याकडे या पद्धतीचे दोष अधिक आहेत. पहिला दोष असा की, तिच्यामुळे जनावरास तीव्र वेदना होतात व जखम चिघळू शकते. दुसरा असा की, लंगडणे, सूज इत्यादी विकारांवर इलाज म्हणून डागण्या देण्याची प्रथा गावांत आढळते. ती शास्त्रीय उपचार नव्हे. शिवाय अशा डागण्यांच्या गर्दीत मालकीची खूण वेगळी ओळखू येत नाही. तिसरा दोष असा की, डागावर दुसरा डाग देऊन अक्षर बदलता येते. चौथा दोष आर्थिक आहे. पुठ्ठ्यावरचे कातडे सर्वांत मजबूत व मोलाचे असते आणि डाग बहुधा तेथेच दिला जातो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. अथणी व निपाणी भागातील कारागिरांच्या दृष्टीने डागलेले कातडे कमी प्रतीचे ठरते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, डाग देणे ही क्रिया विहित पद्धतीने केली तरच क्षम्य मानली आहे. घरच्या घरी, मनास येईल त्या सळईने डागणे हे त्यात बसत नाही. यास्तव कोणीही हा मार्ग स्वतः अवलंबू नये.

शीत डाग

वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील पशुवैद्यक डॉ. कीथ फॅरेल यांनी 1966 च्या सुमारास अतिथंड मुद्रेची पद्धत प्रचारात आणली. तांब्याच्या किंवा तत्सम धातूच्या मुद्रा द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअस तापमानात, थंड करून कातडीवर काही सेकंद दाबून धरतात. त्यामुळे केसांना रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात व त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. काळ्या जनावरावर असा अंक दुरूनही स्पष्ट दिसतो. उलटपक्षी, पांढऱ्या खिलार बैलावर पांढरे केस उठून दिसत नाहीत. तेथे मुद्रा अधिक वेळ धरून केसच उगवणार नाहीत असे करावे लागते. ही पद्धत तुलनेने कमी वेदनादायक असली, तरी ती प्रशिक्षित हातांचे व पशुवैद्यकाच्या देखरेखीचे काम आहे.

कानातील बिल्ला

सध्या आपल्या देशात अधिकृत ओळख म्हणून कानात पिवळा बिल्ला मारण्यात येतो. त्यावर 12 अंकी क्रमांक असतो. सप्टेंबर 2019 मध्ये मथुरा येथे राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. लाळ-खुरकूत रोगावरील लसीकरणाबरोबर बिल्ले मारण्याच्या कामास त्यामुळे गती आली. बिल्ल्याचा क्रमांक, जनावराची जात, वय, वेत, लसीकरण व मालकाचे नाव ही माहिती 'भारत पशुधन' या संगणकीय प्रणालीत नोंदविली जाते. हा क्रमांक देशात दुसऱ्या कोणत्याही जनावरास दिला जात नाही.

सीमाभागाच्या दृष्टीने या क्रमांकाचे मोठे महत्त्व आहे. वर्णनाची भाषा बदलते, पण अंक बदलत नाहीत. चिकोडीच्या दवाखान्यात नोंदलेला क्रमांक कोल्हापूर जिल्ह्यातील पशुवैद्यकालाही त्याच प्रणालीत पाहता येतो. महाराष्ट्र शासनाने 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली आहे. पलीकडच्या बाजारात जनावर नेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विम्याचा दावाही बिल्ल्यावाचून मंजूर होणे कठीण असते.

बिल्ला कानाच्या मध्यभागी, दोन मोठ्या शिरांच्या मधोमध बसवावा लागतो. कडेला बसविल्यास कान फाटून तो पडतो. सबब तो खात्याच्या कर्मचाऱ्याकडूनच मारून घ्यावा. बिल्ला पडल्यास लगेच दवाखान्यात कळवावे. तेथे नवा क्रमांक जुन्या नोंदीस जोडता येतो.

बिल्ला कापला तर?

चोर पहिल्याप्रथम बिल्लाच कापतो, हे खरे आहे. म्हणून केवळ बिल्ल्यावर विसंबू नये. शिंगावर कोरलेला अंकही पुरेसा नाही. ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला आपण शिंगे घासून रंगवितो आणि त्यात तो अंक झिजतो.

जनावराच्या अंगावर निसर्गानेच दिलेली एक खूण मात्र कापता येत नाही. नाकपुड्यांच्या मधला व वरच्या ओठावरचा ओलसर, केसविरहित भाग पाहावा. त्यावरील रेषा व उंचवटे प्रत्येक जनावरात निराळे असतात आणि माणसाच्या बोटांच्या ठशाप्रमाणे ते आयुष्यभर टिकतात. नाकाच्या ठशावरून गुरे ओळखण्याची पद्धत अमेरिकेत 1922 मध्येच शास्त्रीय नियतकालिकात मांडण्यात आली होती. आज भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घेणे सोपे आहे. नाक कोरडे पुसून, उजेडात, समोरून व जवळून दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत.

त्याशिवाय प्रत्येक जनावराची पुढील माहिती वहीत लिहून ठेवावी :

1. बिल्ल्याचा क्रमांक व तो मारल्याची तारीख.
2. जात, रंग, कपाळावरील चांदा व शेपटीच्या गोंड्याचा रंग.
3. अंगावरील भोवऱ्यांची संख्या व जागा.
4. शिंगांचे वळण व त्यांमधील अंतर.
5. दात : दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेले.
6. जुने व्रण, फाटलेला कान अथवा इतर व्यंग.
7. दोन्ही बाजूंची, तोंडाची व नाकाची छायाचित्रे.
8. खरेदीची पावती, लसीकरणाची व विम्याची कागदपत्रे.

दात व वेत यांची नोंद दरवर्षी सुधारावी. बेंदराचा दिवस त्यासाठी सोयीचा आहे. त्या दिवशी जनावर धुऊन स्वच्छ केलेले असते व घरातील सर्व माणसे गोठ्यात असतात.

कायद्यातील तरतुदी

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या कलम 303 नुसार चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. चोरीचा माल आहे हे जाणून तो घेणाऱ्यास कलम 317 लागू होते. जंगम मालमत्ता अमुक व्यक्तीची आहे हे दर्शविणाऱ्या खुणेस कायद्याने 'मालमत्ता चिन्ह' म्हटले आहे. नुकसान करण्याच्या हेतूने असे चिन्ह काढून टाकणे, नष्ट करणे किंवा त्यात भर घालणे हा कलम 346 नुसार स्वतंत्र गुन्हा आहे.

घेणाऱ्यानेही सावध असावे. चोराकडून घेतलेल्या जनावरावर, ते प्रामाणिकपणे व पूर्ण किंमत देऊन घेतले असले तरी, सर्वसाधारणपणे मालकी मिळत नाही. जनावर खऱ्या मालकाकडे जाते व पैसे बुडतात. यास्तव चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत असो वा आठवडी बाजारात, क्रमांक पडताळून व पावती घेऊनच व्यवहार करावा. कान नुकताच फाटलेला वा भोक पडलेला असून बिल्ला नसेल, तर विक्रेत्यास कारण विचारावे. खरेदीनंतर प्रणालीत मालकाचे नाव बदलून घ्यावे. हे राहून गेल्यास कागदोपत्री मालक जुनाच राहतो. वाहनातून जनावर नेताना, 1978 च्या नियमांनुसार, ते प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो.

चोरी झाल्यास

वेळ न दवडता जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते व फिर्यादीस तिची प्रत विनामूल्य मिळते. चोरी अलीकडे व जनावर पलीकडे, अशा प्रसंगी ही तरतूद विशेष उपयोगी आहे. फिर्यादीत 12 अंकी क्रमांक अवश्य लिहावा व छायाचित्रे जोडावीत. तोच क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यास व आसपासच्या बाजार समित्यांस कळवावा. जनावर सापडले तर स्वतः ओढून आणू नये. पोलिसांकरवी ते ताब्यात घ्यावे व न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून आपल्याकडे सोपवून घ्यावे. त्या अर्जास बिल्ल्याची नोंद व वही हेच आधार होत.

शाळा व ग्रामपंचायत

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या जनावरांची वरील आठ कलमी नोंद करून आणण्यास सांगावे. निरीक्षण, मोजमाप व नेमके वर्णन यांचा हा उत्तम पाठ आहे. ज्या घरी वडीलधाऱ्यांना लिहिता येत नाही, तेथे मुलाने लिहिलेली ही वही उद्या पुराव्याचा कागद ठरू शकते. ग्रामपंचायतीने अशा नोंदींची एक प्रत दप्तरी ठेवल्यास बाहेरचे संशयास्पद जनावर गावात आले असता चौकशी करणे सोपे जाईल.

गोठ्याला कुलूप व अंगणात दिवा हवाच. परंतु जनावर एकदा दावणीवरून सुटले की ते परत आणण्याचे काम खूण व नोंद याच करतात. आपल्या दावणीच्या प्रत्येक जनावराचा क्रमांक आज तपासावा. ज्याच्या कानात बिल्ला नाही, त्याला या आठवड्यातच दवाखान्यात न्यावे.