तक्त्यात नसलेला रकाना

अंबाजोगाई, १२ जुलै

चि. मुक्ता,

तुझा तक्ता पाहिला. बावीस फेलोशिप, प्रत्येकीपुढे रक्कम, शेवटची तारीख, वर रंगसुद्धा. फक्त तुला शोधायचंय काय, याचा रकाना नाही. तळाशी एक शेरा तेवढा सापडला : 'विषय – महिलांचे आरोग्य, नंतर ठरवू'.

अगं, मग परवा फोनवर पाऊण तास ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांवर बोलत होतीस ते काय होतं? २०१९ मध्ये आपल्या बीडचं ते प्रकरण गाजलं, चौकशी समिती बसली. तोच विषय धर आणि मग तक्त्याकडे बघ, निम्म्या ओळी आपणच गळतील. आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, दारात गेलीस तर वय, ऑपरेशनचं कारण, किती बायकांची नोंद घेणार, नैतिकता समितीची मंजुरी कुठून आणणार, हे विचारतील. आयसीएसएसआरकडे, म्हणजे सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेकडे, नेलास तर मुकादम, त्याने आगाऊ दिलेली उचल आणि कामाचा खाडा पुढे येतात. पाळीच्या दिवसांत काम बुडालं की नवरा-बायकोच्या कोयत्यावर किती दंड चढतो, हा हिशेब. बाई तीच, प्रबंध दोन. एकच अर्ज दोन्हीकडे पाठवू नकोस. मी पाठवला होता. एका प्रतीत दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच राहिलं!

पैशाचं थोडक्यात. नेट जून आणि डिसेंबरला असते, ती दे. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. वयाची अट ३० ची, बायकांना पाच वर्षं सवलत, तेव्हा घाबरू नकोस. आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप आणि आपल्या ओबीसींसाठीची महाज्योतीची, दोन्हींना आधी पीएचडीची नोंदणी लागते. तुझ्या तक्त्यात नोंदणी शेवटी आहे. ती वर घे. (सरकारी कागदावर फेलोशिपला 'अधिछात्रवृत्ती' म्हणतात; शोधताना तो शब्दही टाकून बघ, नाहीतर अर्ध्या जाहिराती दिसायच्याच नाहीत.) आणि हप्ता वेळेवर येईल असं धरून खोली भाड्याने घेऊ नकोस. माझा एकदा आठ महिने अडकला होता, तेव्हा तुझ्या आजीने पोसलं.

मार्गदर्शक मात्र नाव बघून निवडू नकोस. त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठ आणि चहा पीत विचार : मसुदा दिला की किती दिवसांनी परत येतो?

अर्जाआधी एक काम कर. देवनारच्या आयआयपीएस या संस्थेचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे ना, त्याच्या २०१५-१६ च्या फेरीत गर्भपिशवी काढल्याबद्दल थेट प्रश्न आहेत. प्रश्नावली वाच. त्यात उचलीबद्दल काही नाही, ऊसतोडीबद्दलही नाही. तुझ्या अर्जाचा पहिला परिच्छेद तिथेच आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, मग वाड्या उन्हाळ्यापर्यंत म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या. म्हणून पुढच्या आठवड्यात इकडे ये. धारूरकडच्या एका वाडीवर आपण दोघी जाऊ. वही आण, लॅपटॉप नको.

तुझी,
आत्या