उसाच्या फडात आढळणारी बिबट्याची पिल्ले

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात. त्याबरोबर पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतील बागायती गावांतून दरवर्षी एक बातमी हटकून ऐकू येते : पाचटात बिबट्याची पिल्ले सापडली. बातमी पसरताच सारा गाव फडाकडे लोटतो. कोणी पिल्लू उचलून छातीशी धरतो, कोणी त्याच्या तोंडात दुधाची बाटली घालतो, आणि “बिचारी पोरकी झाली” असा उद्गार जो तो काढतो. या उद्गारामागील कणव खरी असते, यात संशय नाही. परंतु त्यातील विधान बहुधा चुकीचे असते. पिल्लांची आई जवळच्याच उसात दडून माणसांची वर्दळ थांबण्याची वाट पाहत असते. पिल्ले तेथून हलविली गेली, तर मात्र ती खरोखरीच पोरकी होतात.

बिबट्या उसात का येतो, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे. आडसाली उसाचे पीक सोळा ते अठरा महिने शेतात उभे असते. एवढ्या काळात बिबट्याच्या मादीची पिल्ले जन्माला येऊन बरीच मोठीही होतात. आत दाट सावली, जवळ पाटाचे पाणी, आणि गावाभोवती कुत्री, मांजरे, डुकरे व शेळ्या यांचा तोटा नाही. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात पाळीव व गावठी प्राण्यांचे प्रमाण सर्वाधिक, आणि त्यातही कुत्री अग्रस्थानी असल्याचे दिसून आले. तेव्हा हा प्राणी जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नव्हे. कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला असतो व त्यांना दुसरे घर ठाऊक नसते.

मादीला एका वेळी साधारणतः दोन ते तीन पिल्ले होतात. जन्मतः ती आंधळी असून आठ-दहा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. सुमारे तीन महिने ती आईच्या दुधावर असतात. या काळात मादी त्यांना एका जागी लपवून शिकारीस जाते, आणि जागा धोक्याची वाटू लागली की एकेकास मानगुटीस धरून दुसरीकडे हलविते. पिल्ले एकटी दिसणे म्हणजे त्यांना आईने टाकून दिले असे नव्हे. आपल्याकडील मजूर स्त्रीही तान्ह्या बाळाला झोळीत निजवून कामास लागते. तिचे बाळ कोणी पोरके समजून उचलून नेत नाही.

पुढे वर्ष-दीड वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक काळ, पिल्ले आईच्या मागे हिंडतात. भक्ष्याचा माग कसा काढावा, ते कसे पकडावे, कोणत्या वाटेने जावे, आणि मुख्य म्हणजे माणसापासून कसे दूर राहावे, हे सर्व शिक्षण त्या काळात होते. माणसाने बाटलीवर वाढविलेल्या बिबट्यास हे शिक्षण मिळत नाही. माणसाची भीती मोडलेली आणि शिकारीची विद्या अंगी नाही, असे जनावर मोकळे सोडले तर ते अन्नासाठी वस्तीकडेच येईल. म्हणून त्यास सोडता येत नाही. पिंजऱ्यातील बिबट्या पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. फडातून उचललेल्या हाताएवढ्या पिल्लापुढे जे पर्याय असतात, त्यांतील एक म्हणजे ही पंधरा-वीस वर्षांची कोठडी होय. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. तेथे जनावरांची निगा चांगली राखली जाते. तरीपण निवारा म्हणजे रान नव्हे.

गावाचाही यात स्वार्थ आहे. पिल्ले नाहीशी झाली की मादी ती जागा लगेच सोडत नाही. ती त्यांच्या शोधात अस्वस्थपणे आसपास घुटमळत राहते, आणि त्याच फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. तेथे लहान मुले उघड्यावर निजलेली असतात. पिल्ले आईच्या स्वाधीन होऊन ती त्यांसह अन्यत्र निघून जाणे, यातच कोपीतल्या मुलांची सुरक्षितता आहे. “मादीला पिंजऱ्यात धरून दूर जंगलात नेऊन सोडा” ही मागणी गावकऱ्यांकडून नेहमी होते व ती समजण्यासारखी आहे. पण २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून अन्यत्र सोडण्यात आले, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर अधिक बिथरते. तेव्हा हा मार्ग अनुभवाने बाद झालेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू.

पिल्ले दृष्टीस पडताच त्या बाजूची तोडणी थांबवावी आणि सर्वांनी एकत्रच, बोलत-बोलत, मागे सरावे. एकट्यादुकट्याने उसात शिरून मादीचा शोध घेऊ नये. पिल्ले ज्या सरीत असतील तेथेच राहू द्यावीत आणि भोवतीचा थोडा ऊस उभा ठेवावा. गर्दी जमू देऊ नये, कुत्री बांधून ठेवावीत. नंतर वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालय यांस कळवावे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावरही वर्दी देता येते. मोबाइलवर चित्रे काढण्यासाठी पिल्लांना हातोहात फिरविण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती निंद्य तर आहेच, शिवाय बेकायदेशीरही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश असून त्यास पकडणे किंवा बाळगणे याबद्दल तीन ते सात वर्षे कारावास व दंड होऊ शकतो.

दूध पाजू नये, हे पुन्हा बजावून सांगितले पाहिजे. कारण सर्वांत अधिक हानी याच दयाळूपणाने होते. बिबट्याच्या मादीचे दूध गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांशाने व प्रथिनांनी पुष्कळ दाट असते. गाईच्या दुधाने पिल्लास हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातील पाणी पाहता पाहता कमी होते. त्यातून पिल्लू उताणे धरून बाटली तोंडात कोंबली तर दूध फुप्फुसात उतरते. असे पिल्लू दोन-चार दिवसांनी फुप्फुसदाहाने दगावते, आणि दूध पाजणाऱ्यास त्याचे कारण कधीच कळत नाही. रात्रभर आई येणार असेल तर एक दिवसाच्या भुकेने पिल्लू मरत नाही. वनकर्मचारी व पशुवैद्यक येईपर्यंत काही कारणाने पिल्लू हलवावेच लागले, जसे की फडाच्या दुसऱ्या बाजूस आग लागली आहे, तर जाड गोणपाटात अलगद धरून हवेशीर खोक्यात कोरड्या फडक्यावर ठेवावे, खोके सावलीत झाकून ठेवावे आणि नेमकी जागा खुंटी रोवून निश्चित करावी. ही खुंटी फार महत्त्वाची आहे. पिल्ले पुढे तेथेच ठेवावयाची असतात.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू स्वीकारत नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. बिबट्याच्या बाबतीत ती खरी नाही. हाताळलेली, तपासलेली, एवढेच नव्हे तर दवाखान्यात नेऊन आणलेली पिल्लेही मादीने परत नेल्याची उदाहरणे विपुल आहेत. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे, कारण “आता हात लागलाच आहे, आई घेणार नाही” असे म्हणून लोक पिल्लू घरी घेऊन जातात.

मायलेकरांची भेट घडविण्याची जी पद्धत वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था जुन्नर परिसरात अवलंबीत आली आहे, ती मुळात अगदी साधी आहे. पशुवैद्यक पिल्लांना तपासतात, जखमा व गोचिडी पाहतात, नर-मादी ओळखतात, ओळखीसाठी कातडीखाली बारीक चिप बसवितात. दिवस मावळण्याच्या सुमारास पिल्ले जेथे सापडली तेथेच, भाजीपाल्यासाठी वापरतात तशा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली जातात. क्रेट असा ठेवितात की पिल्लांना आपण होऊन भटकता येऊ नये, पण मादीला तो सहज उलथविता यावा. जवळ आपोआप चित्रे टिपणारे कॅमेरे बसवून माणसे दूर निघून जातात. पिल्लांचे ओरडणे व त्यांचा वास यांवरून मादी अंधारात येते, भोवती फेऱ्या घालते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. दोन पिल्ले असतील तर ती दोन खेपा करते. एक नेल्यावर दुसरे मागे राहिलेले पाहून कोणी घाईने पुढे सरसावू नये. पहिल्या रात्री मादी आली नाही तर पिल्लांना दिवसा सांभाळून पुढील रात्री पुन्हा त्याच जागी ठेवितात. पहिल्या प्रयत्नात निराश होऊन खटपट सोडणे योग्य नव्हे.

या सर्व व्यवहारात गावकऱ्यांचे काम कोणते? तर त्या रात्री शेताकडे न फिरकणे. विजेऱ्या मारीत, मोटारसायकली फिरवीत, मादी आली की नाही हे पाहण्यास शेजारच्या बांधावर बसलेली दहा माणसे ही भेट हमखास बिघडवितात. त्या रात्री पाण्याची पाळी असेल तर ती बदलून घ्यावी. कामगारांच्या कोप्या अगदी लगत असतील तर मुलाबाळांस त्या रात्रीपुरते गावातील शाळेत किंवा समाजमंदिरात आणावे.

आई खरोखरीच नसते असेही प्रसंग येतात. रस्त्यावर वाहनाखाली सापडून, विहिरीत पडून, फासकीत अडकून माद्या मरतात. मेलेल्या मादीच्या स्तनांत दूध आढळले तर पिल्ले आसपास असणार हे ओळखून वनविभागास शोध घेण्यास सांगावे. लागोपाठ रात्री प्रयत्न करूनही मादी आली नाही तरीही निष्कर्ष तोच निघतो. अशी पिल्ले केंद्रातच वाढवावी लागतात. तेथे थोड्याच माणसांनी त्यांच्याजवळ जाणे, लाड न करणे, पाळीव जनावरांशी संपर्क येऊ न देणे, या गोष्टींना फार महत्त्व आहे. कारण कुत्र्या-मांजरांचे रोग या पिल्लांत झपाट्याने पसरतात.

माणसाने वाढविलेले श्वापद मुळीच रानात परत जाऊ शकत नाही, असे नाही. केनियात १९५६ साली आई मारली गेलेल्या सिंहिणीच्या तीन बछड्यांपैकी एल्सा हिला ॲडमसन दांपत्याने वाढविले, शिकार करण्यास लावले व मोकळे सोडले. पुढे रानात तिला तीन पिल्लेही झाली. ही कथा जगभर गाजली. मात्र तिच्यामागे दोन माणसांनी कित्येक वर्षे खर्ची घातली होती, तेथे शेकडो चौरस मैल निर्जन रान होते, आणि १९६१ साली एल्सा मरण पावल्यावर तिची पिल्ले धनगरांच्या शेळ्यांवर येऊ लागल्याने त्यांना पकडून सेरेंगेटीत न्यावे लागले. आपल्या दाट वस्तीच्या मुलखात तो प्रयोग कोणी गोठ्यात करून पाहू नये.

उसात सापडलेले प्रत्येक ठिपकेदार पिल्लू बिबट्याचेच असते असेही नाही. रानमांजराची व वाघाटीची पिल्लेही पाचटातच आढळतात. वाघाटी ही तर घरच्या मांजराहूनही लहान असते. हे दोन्ही प्राणी उंदीर खाऊन शेतकऱ्याचे हितच करतात. ओळख पटो वा न पटो, नियम एकच : जागचे हलवू नये.

काळविटाच्या पाडसाचीही हीच गोष्ट. सोलापूरकडील माळरानावर किंवा रेहेकुरीच्या आसपास हरणी नुकतेच जन्मलेले पाडस गवतात दडवून चरावयास जाते. पाडस जमिनीस चिकटून निपचित पडते, हात लावला तरी उठत नाही. लोकांना ते आजारी वाटते. घरी वाढविलेला नर पुढे मोठा झाल्यावर माणसासच प्रतिस्पर्धी मानून शिंगे रोखतो, हेही लक्षात ठेवावे. गव्हाणी घुबडाचे पिल्लू विहिरीच्या कपारीतून अथवा जुन्या वाड्याच्या आढ्यावरून खाली पडले तर मात्र उचलावे, आणि होते तेथेच परत ठेवावे. नरमादी त्यास पुन्हा भरवू लागतात.

एका अडचणीचा येथे स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. ऊसतोड कामगारांची मजुरी टनावर असते. अर्धा दिवस तोडणी थांबली तर त्यांची तेवढी कमाई बुडते, आणि पिल्ले लपवून काम पुढे रेटण्याचा मोह त्यामुळेच होतो. यास उपदेश हा उपाय नाही. शेतमालक व मुकादम यांनी हंगामापूर्वीच ठरवून ठेवावे, की पिल्ले निघाल्यास टोळी ताबडतोब फडाच्या दुसऱ्या टोकास किंवा दुसऱ्या प्लॉटवर लावली जाईल. फड चारही बाजूंनी तोडीत मध्ये आणू नये. एका कडेने सुरुवात करून शेजारच्या उभ्या उसाच्या दिशेने तोडत जावे, म्हणजे आतील जनावरास निघून जाण्यास वाट राहते. उभा ऊस पेटविण्याची पद्धत या भागात तरी पूर्णपणे सोडून द्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी टोळ्या गावात उतरल्या की पहिल्या आठवड्यातच पोलीस पाटील व वनरक्षक यांना बरोबर घेऊन कोप्यांवर जावे आणि हे सर्व मुकादमांना व विशेषतः स्त्रियांना समजावून सांगावे. पाचट गोळा करताना पिल्ले प्रथम बहुधा त्यांनाच दिसतात. वनरक्षकाचा क्रमांक कोपीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि कामगारांत ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाइलमध्ये तो स्वतः साठवून द्यावा.