जुनी वही, नवा प्रोग्राम

यवतमाळ-नागपूर रस्त्यावरील कळंब हे कापूस पट्ट्यातील गाव. तेथील एखाद्या अडत दुकानाचा वीस वर्षांचा हिशेब फॉक्सप्रोमध्ये भरलेला आहे, असे समजू. व्हिज्युअल फॉक्सप्रोला मायक्रोसॉफ्टने मदत देणे २०१५ साली थांबविले. आता मुलगा म्हणतो, नवा प्रोग्राम जँगोवर करू. करावा, परंतु शेतकऱ्यांची उचल आणि बाकी जुन्या फायलींतच आहे, हे विसरून चालणार नाही.

जँगोमध्ये ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, थोडक्यात ओ.आर.एम., असतो. तक्ते आणि प्रोग्रामरची भाषा यांमधला हा दुभाष्या होय. नव्या कामात तक्ते तोच तयार करतो. जुन्या कामात ते आधीच तयार असतात आणि त्याला ते समजून घ्यावे लागतात.

जँगो फॉक्सप्रोशी थेट बोलत नाही, म्हणून डी.बी.एफ. फायलींची नक्कल पोस्टग्रेसमध्ये घ्यावी. फॉक्सप्रोत खोडलेली नोंद 'पॅक' करेपर्यंत फायलीतच असते, तिच्यावर फक्त खूण होते. ती जिवंत नोंद म्हणून आत येऊ देऊ नये. नावे जुन्या मराठी फॉन्टमध्ये असल्यास युनिकोडमध्ये आणावीत. मग 'इन्स्पेक्टडीबी' ही आज्ञा तक्ते पाहून मॉडेल लिहून देते. त्यात 'मॅनेज्ड'पुढे 'फॉल्स' येते. ते तसेच ठेवले की जँगो तक्त्याच्या रचनेला हात लावीत नाही.

खरा धोका पुढेच आहे. ओ.आर.एम.ला प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, म्हणजे प्रायमरी की, लागते. जुन्या तक्त्यात ती बहुधा नसते. मग घाईत पट्टी क्रमांकालाच ती मानतात. पण हा क्रमांक दर १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होत असेल तर? १९९८ ची ४१२ नंबरची पट्टी दुरुस्त करून जतन केली की डेटाबेसला हुकूम जातो, '४१२ बदला', आणि प्रत्येक वर्षाची ४१२ नंबरची पट्टी बदलते. एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर चढते, अन् पडद्यावर चूक दिसत नाही.

यासाठी नकलेत एक रकाना वाढवून सर्व नोंदींना सलग क्रमांक द्यावा व तोच प्रायमरी की ठरवावा. २०२५ च्या जँगो ५.२ मध्ये वर्ष आणि क्रमांक मिळून जोड-ओळखही देता येते, मात्र तिला ॲडमिनचा पडदा चालत नाही. आमची पसंती सलग क्रमांकालाच.

पहिला हंगाम नव्या प्रोग्रामला जुन्या नोंदी फक्त वाचू द्याव्यात आणि दर वर्षाच्या पट्ट्यांची संख्या व एकूण बाकी दोन्हीकडे जुळवून पाहावी.