खाऱ्या तळ्यांतील खताची खतावणी

आमच्या मासिकांत खत कोणतें द्यावें, किती द्यावें आणि केव्हां द्यावें, याविषयींचे लेख नेहमींच येतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या अगदीं उलट आहे. जें खत कोणी मुद्दाम घालीत नाहीं, तरीही जें दिवसेंदिवस सांचत जातें आणि अखेर पिकाचा घात करितें, तें कमी कसें करावें, हें येथें सांगावयाचें आहे. खाडीकांठच्या खार जमिनींत कोळंबीचीं तळीं करणाऱ्या बंधूंस हा विषय उपयोगी पडेल. ज्यांस तळें नाहीं त्यांसही, खत म्हणजे सदैव लाभच ही समजूत तपासून पाहण्यास तो कारण होईल, अशी आशा आहे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांतील निवृत्त कारकून आहे. शिक्षण मराठी सातवीपर्यंत. रसायनशास्त्राचा अभ्यास नाहीं. परंतु जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यांत आयुष्य गेल्यामुळें कोणत्याही गोष्टीची जमा किती, खर्च किती व शिल्लक किती, हें विचारल्यावांचून चैन पडत नाहीं. तळ्याच्या पाण्यासही हाच प्रश्न विचारावा लागतो, हें मात्र फार उशिरां कळलें, आणि त्याची किंमत भारी पडली.

पहिल्या वर्षाची हकीकत

माझ्या पुतण्यानें कर्ज काढून खाडीलगत अर्ध्या हेक्टरचें तळें बांधलें व त्यांत व्हन्नामी जातीच्या कोळंबीचें बीं सोडलें. देखरेख व हिशेब माझ्याकडे होता. दोन महिने सर्व कांहीं उत्तम चाललें. पाणी हळूहळू हिरवें, पुढें गर्द हिरवें झालें. पुतण्यानें विचारलें, "काका, पाणी फारच हिरवें दिसतें. खाद्य थोडें आंखडतें घेऊं काय?" मी म्हटलें, "अरे, शेत हिरवें झालें म्हणून कोणी रडतो काय? कोळंबी वाढीस लागली आहे; तिला उपाशी ठेवूं नको." त्यानें वडीलकीचा मान राखला व खाद्य चालूं ठेविलें.

पुढें दोन दिवस आभाळ भरून राहिलें. हिरवें पाणी एका रात्रींत तपकिरी पडलें. पहाटे पाहतों तों कोळंबी कांठाशीं येऊन पृष्ठभागावर तरंगत आहे. पाणी घुसळणारीं दोन यंत्रें होतीं, त्यांपैकीं एकच चाललें. दुपारपर्यंत अर्ध्याहून अधिक पीक गेलें. कर्जाचा हप्ता थकला आणि सूनबाईचा दागिना गहाण पडला. यांत दोष बियाण्याचा नव्हता, खाद्य विकणाराचाही नव्हता. दोष माझ्या उपदेशाचा होता.

जमा, खर्च आणि शिल्लक

तळ्यांत खत येतें तें खाद्याच्या वाटेनें. कोळंबीच्या खाद्यांत शंभर भागांस सुमारें ३५ भाग प्रथिनें असतात, आणि प्रथिनांच्या शंभर भागांत १६ भाग नत्र असतो. आतां एक हजार किलो कोळंबी पिकविण्यास १,६०० किलो खाद्य लागलें असें धरूं. त्यांत प्रथिनें ५६० किलो, म्हणजे नत्र सुमारें ९० किलो. ही जमा झाली. ताज्या कोळंबीच्या शंभर भागांत नत्र सुमारें तीन भाग असतो. म्हणजे विक्रीस गेलेल्या हजार किलो कोळंबीबरोबर तळ्याबाहेर गेला तो फक्त ३० किलो. हा खर्च. उरलेला ६० किलो नत्र विष्ठा, मूत्र व न खाल्लेलें खाद्य या रूपानें पाण्यांत व गाळांत शिल्लक राहिला.

शेतकरी बंधूंस हा आंकडा त्यांच्या भाषेंत सांगतों. पंचेचाळीस किलोंच्या यूरियाच्या गोणींत सुमारें २०.७ किलो नत्र असतो. म्हणजे हजार किलो कोळंबीमागें जवळजवळ तीन गोणी यूरिया आपण स्वतःच्या हातानें तळ्यांत ओतला. शेवाळ माजलें तर त्यांत नवल तें काय?

नत्राबरोबर स्फुरदही येतो. दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. नत्रास हवेंत जाण्याची एक वाट मोकळी आहे: सूक्ष्म जंतु अमोनियापासून नायट्राइट व त्यापासून नायट्रेट करितात, आणि जेथें प्राणवायू नाहीं अशा थरांत दुसरे जंतु नायट्रेटाचा नत्रवायू करून तो हवेंत सोडतात. स्फुरदास ही वाट नाहीं. तो पिकाबरोबर, गाळाबरोबर किंवा पाण्याबरोबर बाहेर काढला तरच जातो. नाहींतर पुढील पिकाच्या खात्यावर मागील बाकी म्हणून चढतो.

सत्त्वाचें विष कसें होतें

दिवसां उन्हांत शेवाळ प्राणवायू सोडतें, रात्रीं तेंच शेवाळ प्राणवायू घेतें. पाणी जितकें गर्द, तितकी पहाटे प्राणवायूची टंचाई अधिक. ढगाळ दिवसांत शेवाळ एकदम मेलें तर तें कुजतांना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि सांठलेला अमोनिया पाण्यांत मोकळा होतो.

अमोनियाचें विषारीपण पाण्याच्या सामूवर अवलंबून असतें. सामू ७ असतां एकूण अमोनियापैकीं विषारी भाग शंभरांत एकाहून कमी असतो. आपल्याकडील उष्ण खाऱ्या पाण्यांत सामू ८ झाला कीं तो सहा-सातांवर जातो, आणि ९ झाला कीं एकतृतीयांशाहून अधिक होतो. गर्द हिरव्या पाण्याचा सामू दुपारीं चढतो. म्हणून सकाळचें पाणी निर्दोष ठरलें, तरी तेंच पाणी दुपारीं घातक असूं शकतें. सामू सकाळीं व दुपारीं असा दोनदां मोजावा. दोहोंत अर्ध्या अंकाहून अधिक अंतर पडूं लागलें, तर शेवाळ माजलें असें समजावें.

उपाय पहिला: आवक कमी करणें

जो नत्र तळ्यांत आलाच नाहीं, तो काढावा लागत नाहीं. वरील उदाहरणांत तीच हजार किलो कोळंबी १,२०० किलो खाद्यांत पिकली, तर जमा सुमारें ६७ किलो व शिल्लक ३७ किलो राहते. म्हणजे एका गोणीहून अधिक यूरिया वांचला, आणि ४०० किलो खाद्याचे पैसे वांचले ते निराळेच.

यासाठीं तळ्यांत चार ठिकाणीं तपासणीचीं ताटें बुडवून ठेवावीं. खाद्य टाकतांना त्याचा अल्प भाग ताटांत घालावा व दोन तासांनीं ताट वर काढून पाहावें. खाद्य उरलें असेल तर पुढील वेळीं एकदशांश कमी करावें. ताट स्वच्छ असेल तर आहे तेंच प्रमाण ठेवावें किंवा किंचित् वाढवावें. आभाळ भरलें असतां, पाणी थंड पडलें असतां व कोळंबी कांत टाकीत असतां भूक मंदावते. त्या दिवशीं खाद्य निम्मे करण्यास कचरूं नये. कोळंबी एक दिवस कमी खाऊन मरत नाहीं, परंतु उरलेल्या खाद्यानें मात्र मरते.

उपाय दुसरा: पाणी बदलणें

पाणी बदललें कीं सर्व दोष धुतला, असा पुष्कळांचा समज असतो. हिशेब तसें म्हणत नाहीं. रोज एकदशांश पाणी बदललें, तर दहा दिवसांनीं जुन्या पाण्याचा शंभरीं ३५ भाग तळ्यांत तसाच राहतो. शिवाय त्या दहा दिवसांचें नवें खाद्य पडलेलें असतेंच. शेजारच्या तळ्याचें घाण पाणी ज्या खाडींत सुटतें, तेथूनच आपण पाणी घेत असूं, तर आपण केवळ शेजाऱ्याची बाकी आपल्या खात्यावर ओढून घेतों. रोगही त्याच वाटेनें येतो. म्हणून बाहेरचें पाणी आधीं निराळ्या सांठवण-तळ्यांत निवळूं द्यावें, तपासावें व मगच आंत घ्यावें. सोडतांना तळचें पाणी सोडावें, वरचें नव्हे.

उपाय तिसरा: गाळ काढणें

यंत्रांच्या फिरत्या प्रवाहामुळें घाण तळ्याच्या मध्यभागीं जमते. तेथें निचऱ्याची सोय असल्यास ती रोज थोडी थोडी काढून टाकावी. पीक उभें असतां जुना काळा गाळ ढवळूं नये. त्यांतून कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. पीक निघाल्यावर तळें रिकामें करावें, जमीन भेगा पडेपर्यंत सुकवावी, काळा थर खरवडून काढावा व माती तपासून चुना द्यावा. काढलेला गाळ बांधाच्या आंतल्या उतारावर टाकल्यास पहिल्याच पावसांत तो परत आंत येतो. गोड्या जमिनींतही तो लगेच टाकूं नये, कारण त्यांत क्षार असतात.

उपाय चौथा: मळीचा उपयोग

साखर कारखान्यांतील मळी पाण्यांत घातली असतां जंतूंस शर्करा मिळते, ते झपाट्यानें वाढतात व वाढतांना पाण्यांतील अमोनिया आपल्या अंगांत घेतात. त्यांचे पुंजके होतात व कोळंबी ते खाते. सामान्यतः एक ग्रॅम नत्र बांधण्यास सुमारें वीस ग्रॅम शर्करा लागते. अर्ध्या हेक्टरच्या तळ्यांत सव्वा मीटरच्या आंत-बाहेर पाणी असतां तें सुमारें ६,००० घनमीटर भरतें. एका लिटरांत एक मिलिग्रॅम अमोनियाचा नत्र असल्यास एकूण सहा किलो नत्र झाला. त्यास १२० किलो शर्करा पाहिजे. मळींत शर्करा सुमारें निम्मी असते असें धरल्यास २४० किलो मळी लागेल. ही एकदम ओतणें म्हणजे पीक मारणें होय, कारण वाढणारे जंतु प्राणवायूही तितकाच घेतात. ती आठ-दहा हप्त्यांत, सकाळच्या वेळीं, सर्व यंत्रें चालूं ठेवून द्यावी. यंत्रें कमी असतील किंवा विजेचा भरंवसा नसेल, तर या उपायाच्या वाटेस जाऊं नये.

उपाय पांचवा: दुसरें पीक घेणें

एकाची घाण तें दुसऱ्याचें अन्न. सोडलेलें पाणी लगेच खाडींत न घालतां दुसऱ्या तळ्यांत थांबवावें. तेथें गाळ खालीं बसतो. कालवें पाण्यांतील शेवाळ गाळून खातात, बोयमासा तळचा थर चरतो. तीं विकलीं म्हणजे नत्र व स्फुरद पैसा होऊन बाहेर पडतात. गोव्यांतील खाजन जमिनींत पावसाळ्यांत भात व पावसाळ्यानंतर मासळी-कोळंबी घेण्याची जी जुनी वहिवाट आहे, तिच्यांत हेंच तत्त्व आहे. पाऊस क्षार धुतो, भाताचीं मुळें मागील हंगामाचें सत्त्व शोषतात आणि भाताचा कुजका पेंढा पुढील मासळीच्या उपयोगी पडतो. खाडीकांठची खारफुटीही हेंच काम फुकट करिते. ती तोडणें म्हणजे बिनपगारी चाकर घालविणें होय.

शहरांत हौसेनें कांचेच्या हौदांत समुद्राचें पाणी भरून जिवंत प्रवाळ बाळगणारे लोक आहेत. त्यांसही हेंच संकट असतें व त्यांचे उपायही हेच आहेत. ते मासे थोडे ठेवितात व खाद्य मोजून देतात. पाण्यांत हवा घुसळून फेंस काढितात, त्याबरोबर घाण कुजण्यापूर्वींच निघते. निराळ्या कप्प्यांत शेवाळ वाढवून तें कापून टाकितात. त्यांच्याकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. पाण्यांतील सत्त्व अगदीं शून्यावर आणल्यास प्रवाळ फिकट पडून उपाशी मरतें. आपलेंही तसेंच आहे. पाणी अगदीं नितळ झालें तर ऊन तळापर्यंत जातें आणि तळाशीं शेवाळाची जाड साय धरते. म्हणून काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी पाण्यांत सोडावी. ती ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक आहे. त्याहून उथळ दिसेनाशी झाली तर सत्त्व फार, फार खोलवर दिसली तर सत्त्व कमी.

वही आणि कायदा

दुसऱ्या वर्षीं आम्हीं एक वही घातली. तींत रोजचें खाद्य, ताटांतील शिल्लक, दोन वेळचा सामू, तबकडीची खोली व आठवड्याचा अमोनिया मांडला. खाद्य किलोमागें सव्वा किलोच्या आसपास आलें. पीक फार मोठें नव्हतें, परंतु पुरतें हातीं लागलें. गहाण पडलेला दागिना घरीं आला. कर्ज अद्यापि पूर्ण फिटलेलें नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

तटीय जलकृषीविषयीं २००५ चा कायदा आहे व २०२३ सालीं त्यांत सुधारणा झाली आहे. त्याप्रमाणें तळ्याची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीवांचून तळें करूं नये. अडचण पडल्यास रत्नागिरीजवळ शिरगांव येथील मत्स्य महाविद्यालयांत किंवा चेन्नई येथील खाऱ्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेकडे विचारणा करावी. दुकानदाराच्या सल्ल्यानें बाटल्या ओतूं नयेत.

शेवटीं एवढेंच सांगणें आहे कीं, तळें हिरवें झालें म्हणजे पीक आलें असें नव्हे. शेतांत हिरवेपणा ही जमेची बाजू असते, तळ्यांत ती पुष्कळदां थकबाकी असते. ती रोजच्या रोज वसूल केली तर जड जात नाहीं. सांचूं दिली तर एका पहाटे सर्व एकदम मागितली जाते. आणि घरांतील तरुण मनुष्य पाण्याकडे पाहून शंका काढील, तर वडील मंडळींनीं त्यास गप्प न बसवितां वही उघडून पाहावी, ही माझी अनुभवाची विनंति आहे.